तिच्या जागी

रकान पडला तो भर दुपारी, रियाधमधल्या एका सरकारी कचेरीच्या कँटीनमध्ये, सगळ्यांच्या देखत. आदल्या क्षणापर्यंत तो बोलत होता. त्याची आई जॉर्डनमधल्या इर्बिदला शेजारणींना सांगत फिरते की पोरगा मोठ्या लोकांना सल्ला देतो, आणि शेजारणी म्हणतात, मग आधी धाकट्या भावाला दे म्हणावं, लग्नाचं नाव काढत नाही तो. समोर बसलेली अरीज हसली. मान वर करून पाहते तो रकानचं डोकं ताटाशेजारी टेकलेलं. तिला वाटलं, नक्कल करतोय. तो नेहमीच कुणाची ना कुणाची नक्कल करायचा.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वय तेहतीस. गेले कित्येक आठवडे तो आणि अरीज दिवसाचा दिवस आणि रात्रीची रात्र एकाच टेबलावर काम करत होते. रविवारी सकाळी अम्मानहून विमान, गुरुवारी संध्याकाळी परत, आणि घरी गेल्यावरही लॅपटॉप उघडाच. सल्लागार कंपनी जगभर पसरलेली. तिचं नाव घेतलं की अरीजच्या गावातले, सल्तमधले म्हातारेसुद्धा मान डोलवायचे.

कंपनीने जे करायचं ते सगळं नीट केलं. शव विमानाने इर्बिदला पोचवलं. हार पाठवला. एक बाई येऊन टीमशी अर्धा तास हळू आवाजात बोलून गेली. पुढच्या रविवारी अरीज कचेरीत पोचली तेव्हा रकानच्या खुर्चीवर बैरुतचा एक पोरगा बसलेला होता. सभ्य, हुशार, केस नुकतेच कापलेले. त्याने विचारलं, "यातलं रकानने किती केलं होतं?"

"निम्म्याहून जास्त," अरीज म्हणाली.

"छान. म्हणजे थोडंच उरलंय."

तो वाईट बोलला नव्हता. काम खरंच थोडं उरलं होतं आणि ते ठरल्या दिवशी पुरंही झालं. टीमप्रमुखाने सगळ्यांना जेवायला नेलं. कबाब खाताना अरीजच्या लक्षात आलं की संध्याकाळभरात रकानचं नाव कुणी घेतलेलं नाही. तिनेही नाही.

त्या आठवड्यात तिने डॉक्टर झियादना फोन केला. हे पाण्याचे डॉक्टर, माणसांचे नव्हेत. विद्यापीठात तिला शिकवायचे. नंतर नोकरी सोडून त्यांनी अम्मानमधल्या लुवैब्दाच्या चढावर, तसबिरींना चौकटी करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि स्वतःची सल्लागार कंपनी काढली. माणसं चार, पाचवे ते स्वतः. गावोगावच्या नळांतून गळणारं पाणी कसं थांबवायचं हे सांगणं त्यांचा धंदा. दर ईदला ते अरीजला म्हणायचे, "आमच्याकडे ये. पगार कमी आहे, पण कॉफी मी स्वतः करतो." दर ईदला ती हसून सोडून द्यायची.

"डॉक्टर, अजून जागा आहे का?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी भिंत पाडून करीन," ते म्हणाले. मग विचारलं, "काय झालं पोरी?"

वडिलांना सांगणं अवघड गेलं. ते उस्ताद नईम, म्हणजे नईम मास्तर. त्यांनी सल्तच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला होता. बायको गेल्यावर दोन पोरं वाढवली. थोरला फारेस कॅनडात गेला तो तिकडचाच झाला. राहिली अरीज. न्हाव्याच्या दुकानात, मशिदीच्या पायऱ्यांवर, ते तिच्या कंपनीचं नाव अगदी सावकाश उच्चारायचे.

"पाच माणसांची कंपनी?" ते म्हणाले. "पाच माणसांचं तर कुटुंब असतं."

"म्हणूनच चाललेय, बाबा."

"कुटुंबात कुणी सुट्टी देत नाही."

तिला ते बोलणं म्हाताऱ्याच्या कुरकुरीसारखं वाटलं. पुढे दोन महिने ते न्हाव्याला, मुलगी अजून रियाधलाच आहे, असं सांगत राहिले. तिला हे कळलं ते न्हाव्याच्याच बायकोकडून. ती हसली, पण मनात कुठेतरी टोचलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. बरं म्हणण्यापेक्षा, पुन्हा माणसात आल्यासारखं गेलं. करक गावच्या रस्त्यांवर भर उन्हात ती जमिनीला कान लावून पाइप ऐकायला शिकली. गावातल्या बाया तिला घरात ओढून सेजच्या पानांचा चहा पाजायच्या. तिने सांगितलेलं काम खरंच व्हायचं, आणि एखाद्या गल्लीत आठवड्यातून एक दिवसाऐवजी तीन दिवस पाणी आलं की ती गल्ली तिला नावाने ओळखायची. डॉक्टर झियाद शुक्रवारी तिच्यासोबत सल्तला येऊन उस्ताद नईमशी जुन्या नकाशांवरून वाद घालत बसायचे. दोघांचं जमलं. "तुझा मालक बरा आहे," वडील म्हणाले, "फक्त त्याला इराक कुठे संपतो ते कळत नाही."

मग परदेशातून येणारा निधी आटला. दोन कामं सुरू व्हायच्या आधीच रद्द झाली. चौघांपैकी एकजण आखातात निघून गेला. त्याचं काम अरीजकडे आलं. मग हिशेब बघणारी बाई बाळंतपणाला गेली, तेही काम अरीजकडे आलं. डॉक्टर झियाद कॉफी करत राहिले, पण कप पुढे ठेवताना नजरेला नजर देईनासे झाले.

"तुला जायचं असेल तर जा," ते एकदा म्हणाले. "मी मनात काही ठेवणार नाही."

"आणि मी गेले तर?"

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "तर खालचा चौकटवाला खूश होईल. त्याला या खोल्या हव्याच आहेत."

ती राहिली. मोठ्या कंपनीत ती गेली असती तर कुणाचं पान हललं नसतं, आणि इथे सगळं तिच्यावर टेकलेलं होतं. याचा तिला अभिमानच वाटत होता. रियाधमध्ये तिला हवं होतं ते हेच तर होतं.

शेवटची आशा समुद्रकाठच्या अकाबा शहरातल्या कामाची होती. शहराच्या जुन्या भागातली सगळी गळती शोधायची, तीन वर्षांचं काम. ते मिळालं तर कंपनी तरणार, नाहीतर दिवाळं. सगळा आराखडा अरीजचा होता. काम देणाऱ्या समितीपुढे तो मांडायला तीच हवी होती, कारण नियमच होता की ज्याचं नाव प्रमुख तज्ज्ञ म्हणून दिलंय त्यानेच येऊन उत्तरं द्यायची.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी उस्ताद नईमना धाप लागली. बरीच वर्षं त्यांचं हृदय दुबळं होतं. छातीत पाणी साचलं होतं. सल्तच्या हॉस्पिटलमध्ये नळ्या लावल्या तसा त्यांना थोडा आराम पडला. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "आज स्थिर आहेत. उद्याचं मी बोलू शकत नाही."

अरीजने अकाब्याला फोन करून दिवस पुढे ढकलायची विनंती केली. तिकडच्या माणसाने दुःख व्यक्त केलं आणि सांगितलं की इतर कंपन्यांवर तो अन्याय होईल. बाकीच्या सगळ्या कंपन्या मोठ्या होत्या. त्यांच्याकडे एकाच्या जागी उभी करायला दहा माणसं होती.

डॉक्टर झियाद हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिच्याशेजारी बसून होते. मग म्हणाले, "आकड्यांवर मला तुझ्यासारखं बोलता येणार नाही, आणि ते मला बोलूही देणार नाहीत. पण खाटेशेजारी बसता येईल. तू जा म्हणत नाही मी. गेलीस तर तुझ्या जागी मी बसेन. एवढंच."

ती आत गेली. वडिलांना सगळं ऐकू गेलं होतं.

"जा," ते म्हणाले. "मी कुठे पळून चाललोय?"

"बाबा, नको वाटतंय."

"चार घरांची चूल आहे त्या कामावर. आणि हा माणूस इथे बसणार असेल तर चांगलंच आहे. मी त्याला इराक शिकवतो."

तिने त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि ती निघाली.

अकाब्यात ती बोलली ते तिला नंतर काहीच आठवत नव्हतं. प्रश्न आले, उत्तरं दिली. समितीतला एक जाडा, कंटाळलेला माणूस शेवटी पुढे सरकून ऐकू लागला होता, एवढं आठवत होतं. बाहेर आल्यावर त्याच माणसाने जिन्यात तिला गाठून हळूच सांगितलं, "काळजी करू नका." तिने तिथल्या तिथे डॉक्टर झियादना फोन लावला.

"मिळालं बहुतेक," ती म्हणाली. "डॉक्टर, मिळालं."

"शाब्बास पोरी." ते हसत होते. मग त्यांनी विचारलं, कोणी काय विचारलं, गळतीच्या आकड्यांवर कुणी आडवं आलं का. तिनेही सगळं सांगितलं. समुद्राचा वारा होता, मोठ्याने बोलावं लागत होतं. खूप दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. शेवटी तिने विचारलं, "बाबा काय म्हणतायत?"

"थांब, त्यांनाच देतो फोन," ते म्हणाले. तिला त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू आला, दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

दफन दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. सुतकाचे तीन दिवस घरात कडू कॉफी फिरत राहिली. बायकांच्या खोलीत अरीज भिंतीला टेकून बसून होती. येणारी प्रत्येकजण तिला मिठी मारून तेच चार शब्द बोलत होती. तिसऱ्या दिवशी इताफआत्या, वडिलांची बहीण, तिच्याजवळ सरकली. आत्याच्या मनात वाईट नव्हतं. तिला फक्त राहवलं नाही.

"मी हॉस्पिटलात सूप घेऊन वर आले तर तुझा तो मालक बाहेर, फोनवर. हसत होता. मी म्हटलं, भाऊ आत एकटा आहे का? तो म्हणाला, दोनच मिनिटं झाली."

अरीज उठली. पुरुष बाहेर मांडवाखाली बसले होते. तिने डॉक्टर झियादना अंगणाच्या कोपऱ्यात बोलावून घेतलं. त्यांची दाढी वाढली होती, तीन दिवस तेच येणाऱ्यांना कॉफी देत उभे होते, घरच्या मुलासारखे. फारेसला विमान मिळालं नव्हतं.

"तुम्ही माझ्याशी बोलत होता तेव्हा ते गेले," ती म्हणाली.

त्यांनी नाही म्हटलं नाही.

"ते सकाळपासून मला विचारत होते, पोरीचं काय झालं, पोरीचं काय झालं. तुझा फोन आला. मी म्हणालो, बघा, आलाच तिचा, विचारून सांगतो. खोलीत नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून बाहेर आलो." त्यांनी हातातली कॉफीची किटली खाली ठेवली. "मी आधी त्यांना सांगायला हवं होतं. मग बाकीचं विचारायला हवं होतं."

"मी आधी बाबांचं विचारायला हवं होतं," अरीज म्हणाली.

आतून कुणीतरी डॉक्टर झियादना हाक मारली, कॉफी संपली होती. ते आत गेले.

काम मिळालं. अरीजने अकाब्यात पहिले पाच महिने काढले, नवी माणसं घेतली, त्यांना शिकवलं, आणि आराखड्यातला प्रत्येक भाग त्यांच्यापैकी कुणालातरी येईल असं बघितलं. ती काय करतेय हे डॉक्टर झियादना कळत होतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही. मग एका सकाळी तिनेच सांगितलं की जुन्या कंपनीने परत बोलावलंय, तिने हो म्हटलंय.

"तिथे तुला बरं वाटेल?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण तिथे माझ्यावाचून कुणाचं काही अडणार नाही. मला आता तेच हवंय."

ते मान हलवत राहिले. "तू माझ्यावर रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं."

"मलाही," ती म्हणाली.

आता ती पुन्हा रविवारच्या विमानाने जाते. कामात चोख आहे, तिला बढती मिळाली. आजारी पडलं की ती सरळ सुट्टी टाकते आणि कुणीतरी तिचं काम उचलतं, ते कोण याची ती चौकशी करत नाही. सल्तचं घर बंद आहे. महिन्यातून एकदा ती जाऊन खिडक्या उघडते, धूळ झटकते, आत्याकडे जेवते आणि परत फिरते.

ईदला डॉक्टर झियादचा फोन येतो. अकाब्यात किती पाणी वाचलं, कुठली गल्ली अजून गळतेय, नवी पोरं कशी आहेत. ती मन लावून ऐकते, मधेच एखादी चूक दाखवते. पाच-दहा मिनिटं बोलणं होतं. उस्ताद नईमचं नाव दोघांपैकी कुणीच काढत नाही. शेवटी फोन आधी कुणी ठेवायचा हे कळेनासं होतं, आणि दोघं थोडा वेळ तसेच गप्प राहतात.