जागच्या जागी धावणारी गाडी

निकालाच्या दिवशी दोन्हीकडे केक कापले गेले आणि धूर-तपासनीस पार चक्रावला.

दुपारी मोटारींच्या कारखान्यात त्याचे साहेब म्हणाले, "आपण जिंकलो! पेट्रोल गाड्या बंद करायची मागणी उच्च न्यायालयानं फेटाळली."

संध्याकाळी घरी मुलगी म्हणाली, "बाबा, आम्ही जिंकलो!" याचिका तिच्याच पर्यावरण संस्थेची होती. "यापुढे धूर तुमच्या बंद खोलीत नाही, रस्त्यावर मोजायचा."

"मग हरलं कोण?"

"तुमची खोली," ती हसत म्हणाली.

उभी हयात त्याने त्या खोलीत काढली होती. चाकं लोखंडी रोलरवर, गाडी जागच्या जागी. गाडीत समोर बसवलेल्या छोट्या पडद्यावर एक रेघ सरकायची. तिच्या चढउताराप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा. स्टिअरिंग वळवायची वेळच येत नसे. गाडी चालवायचा परवाना कपाटात होता, पण जाणं-येणं कंपनीच्या बसनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी धूर मोजायचं यंत्र लावलेल्या गाडीची किल्ली हातात दिली. "काका, जमलं तर तुम्हीच. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. आणि कोर्टाच्या हुकमाप्रमाणे संस्थेचं कुणीतरी मागे बसेल."

मागे मुलगीच बसली होती.

गाडी फाटकाबाहेर पडली. त्याने सवयीने पडद्याकडे पाहिलं. पडदा कोरा.

"रेघ कुठाय?"

"रस्त्यावर कसली रेघ? बाबा, वळण आलं! वळा!"

"कुणीकडे?"

धाडकन पुढचं चाक फुटपाथवर चढलं, नाक झुडपात घुसलं. इंजिन बंद पडलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"काय सांगू?"

"आधी गाडी मागे घ्या." त्याने गाडी मागे घेऊन रस्त्यावर आणली. मुलगी पुढे येऊन शेजारी बसली. गळ्यातला रुमाल काढून तिने पडदा झाकला. "आता समोर बघा. ती पांढरी दिसतेय ना?"

रस्त्याच्या मधोमध पांढरा पट्टा लांबवर गेला होता.

"ती रेघ धरायची?"

"तिच्या कडेनं जायचं."

"वेग किती?"

"बाकीच्यांइतका."

हे त्याला अजिबात पटलं नाही. फोन वाजायचा थांबला, पुन्हा वाजू लागला. त्याने तो उचलला. "साहेब, जमतंय बहुतेक. एक झुडूप तेवढं मध्ये आलं."

पुढच्या वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं. जरा जास्तच फिरलं, पण गाडी वळली.

"अगं," तो हळूच म्हणाला, "मी नक्की कुणाच्या बाजूचा?"

"सध्या रस्त्याच्या मधोमध आहात. आधी कडेला घ्या."