कपाटाची किल्ली

साहेब, त्या दिवशी मी मेले असते तर शेंगदाण्याने नाही, तुमच्या नियमाने मेले असते.

बाइंडिंगखात्यात आम्ही छापलेले कागद मोजतो. कागद सुटायला बोट ओलं लागतं, म्हणून टेबलाच्या मधोमध स्पंजची एकच वाटी. सुट्टीत सगळ्या दाणे खातात आणि तीच बोटं वाटीत बुडवतात. मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. कणभर पोटात गेला तरी घसा सुजतो, लगेच इंजेक्शन टोचावं लागतं. हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं. वेगळी वाटी द्या, इंजेक्शन माझ्या खिशात राहू द्या, एवढंच मागितलं.

तुम्ही वाटी दिलीत, सोबत टेबलही वेगळं दिलंत, रद्दीच्या खोलीत. इंजेक्शन मात्र तुमच्या कपाटात. कामगाराच्या खिशात औषध नको, हा नियम.

आठ महिने मी भिंतीकडे तोंड करून जेवले. पलीकडे हसणं चालू असायचं. मी पाणी प्यायला गेले की थांबायचं. शिलाईवरची मावशी तेवढी म्हणायची, "व्हीआयपी आल्या, दाणे झाका गं." आई फोनवर विचारायची, कुणासोबत जेवलीस? मी सांगायचे, सगळ्यांसोबत.

मंगळवारी काम तुंबलं होतं. मुकादम म्हणाले, आजच्या दिवस मधल्या टेबलावर बस. खरं सांगते, मला आनंद झाला. इतका, की मावशीशी बोलता बोलता बोट सगळ्यांच्या वाटीत गेलं. तरी कागद सुटेना, म्हणून तेच बोट जिभेला लावलं. सवय. चूक माझीच.

ओठ जळले, मग श्वासाला शिट्टी लागली. मुकादम कपाटाकडे धावले. कुलूप. किल्ली तुमच्या खिशात, आणि तुम्ही घरी जेवायला.

मावशीने कागदावरचं लोखंडी वजन उचललं आणि कपाटाची काच फोडली. इंजेक्शन तिनेच माझ्या मांडीत खुपसलं. हात रक्ताने भरलेला. म्हणाली, "चिडवायचे गं नुसती. मरू नकोस."

चार दिवसांनी मी परत आले, तर तिची खुर्ची रिकामी. काच फोडली म्हणून तुम्ही तिला घरी बसवलंत. मी पुन्हा रद्दीच्या खोलीत. आता मला व्हीआयपी म्हणणारंही कुणी उरलं नाही.

सोमवारी इंजेक्शन माझ्या खिशात असेल. फाटकावर अडवायचं तर अडवा. पण आधी सांगा, रोज एक ते दोन, तुम्ही जेवत असताना, मी कुणाच्या भरवशावर श्वास घ्यायचा? आणि मावशी कामावर कधी येणार?

लेखी उत्तर द्या.