मान

सरजाबाईंनी पेजेचा चमचा पुढं केला आणि दत्तराव गुरुजींनी नेमकी मान ताठ केली. पेज घशात उतरते न उतरते तोच ठसका लागला. डोळे पाण्यानं भरले, नाकातली नळी हिंदकळली. सरजाबाई त्यांची पाठ चोळत राहिल्या.

"अवो, डाक्टरनं काय सांगितलं? हनुवटी छातीला लावा, मान खाली घालून गिळा म्हनलेत ना?"

गुरुजींनी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मुंबईला घशाच्या कॅन्सरवर विजेचे शेक दिले. गाठ गेली, तिच्यासोबत गिळणंही गेलं. महिनाभर दूध नळीनंच पोटात जात होतं. उद्या परभणीला डॉक्टरांना दाखवायचं होतं. गिळता आलं तर नळी निघणार, नाहीतर पोटाला भोक पाडून दुसरी घालणार. "त्यापरीस मेलेलं बरं," गुरुजी म्हणाले होते, आणि बोलल्याप्रमाणं वागण्याबद्दल ते शाळेत प्रसिद्ध होते. सरजाबाईंचा जीव टांगणीला लागला होता तो त्यामुळंच.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हा पीळ कुठला, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. लहानपणी गावात तहान लागली की गुरुजींनी आडापाशी वाकून ओंजळ धरायची, कुणीतरी वरून पाणी ओतायचं. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं, "आता मान वाकवून कुनाच्या हातचं घ्यायचं न्हाई. अन् सरजे, तूबी कुनाच्या पायाशी बसायचं न्हाई. माज्याबी न्हाई." तेव्हापासून पाथरीच्या या घरात नवरा-बायको एकाच बाजेवर बसत. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. सरजाबाईंना मात्र त्याचा लय अभिमान होता.

"मी काय परकी हाय? माज्यापुढं वाकायला काय झालं?"

"वाकत न्हाई ही मान," गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

सरजाबाईंना राग आला, रडूही आलं. त्या बाजेवरून उठल्या आणि वाटी घेऊन सरळ त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

"नका घालू मान खाली. माज्याकडं तर बगा."

गुरुजींनी बघितलं. हनुवटी आपोआप छातीला टेकली. सरजाबाईंनी खालूनच चमचा त्यांच्या ओठांशी नेला. कंठमणी वर गेला, अडला. मग तो खाली आला. ठसका लागला नाही.

सरजाबाईंनी दुसरा चमचा भरला. मग गुरुजींच्या कपाळाला आठी पडली.

"वर बस."

"पेज सरू द्या, मग बसते."

"सरजे, वर बस म्हनलो ना."

"न्हाई बसत."

इतक्या वर्षांत गुरुजींचा हा शब्द सरजाबाईंनी पहिल्यांदाच मोडला होता. गुरुजी त्यांच्याकडं बघत राहिले. मग बाजेचा काठ धरून, कण्हत, ते खाली उतरले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. आता दोघं पुन्हा बरोबरीला होते. गुरुजींनी नळी कानामागं सारली आणि मान खाली घातली.

"दे," ते म्हणाले.