विहीणबाईंशी बोलायची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. तळहाताएवढी, निळ्या पुठ्ठ्याची. एका बाइंडरने माझे कागद कापले, दोऱ्याने शिवले आणि डिंक वाळेपर्यंत मला दगडाखाली दाबून ठेवलं. तिथून मी कपडे शिवणाऱ्या एका बाईंकडे आले. त्यांची लेक दूरदेशी, जर्मन बोलणाऱ्या घरात नांदत होती. तिचं बाळंतपण करायला जायचं, तर विहीणबाईंशी चार शब्द बोलता यायला हवेत, म्हणून बाईंनी उतारवयात शिकवणी लावली. भाषा जर्मन, अक्षरं मराठी, अशी माझी पानं भरत गेली.

दोनदा मापल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा बाईंचा नियम. तिकडे पोचल्यावर बोलतानाही त्या तोच पाळत. आधी मला उघडायच्या, वाक्य शोधायच्या, ओठांत दोनदा घोळवायच्या. तोवर पाववाली पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली असे. वाक्य जमलंच, तर समोरून उत्तर शिलाई मशीनसारखं भरभर यायचं. माझ्यात सगळे प्रश्नच होते, उत्तरं कुठे होती? मग बाई हसून नुसती मान डोलवायच्या.

ती मानच एकदा नडली. विहीणबाई जवळच वेगळ्या राहत आणि रोज बाळाला बघायला येत. एकदा जाताना त्यांनी काहीतरी विचारलं. बाईंनी मान डोलावली. त्यानंतर चार दिवस विहीणबाई फिरकल्याच नाहीत.

"आई, काय केलंस हे?" नवऱ्याचा फोन ठेवून लेक म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं, मी रोज येते त्याचा तुम्हाला त्रास होतो का?"

"अगं बाई! मला वाटलं, जेवलात का विचारताहेत!"

"मी बोलू त्यांच्याशी?"

"नको. मान माझी डोलली, मीच निस्तरते."

माझं एक अख्खं पान माफीने भरलं आणि आम्ही विहीणबाईंच्या दारात उभ्या राहिलो. दार उघडलं. चेहरा घट्ट. बाईंनी मला उघडलं, आणि बघतात तर काय, चष्मा घरीच राहिलेला! मित्रांनो, इतकी निरुपयोगी मी कधीच नव्हते.

बाईंनी मला मिटलं. मग जर्मनमध्ये, सुचेल तसं, मोडकंतोडकं बोलल्या, "मी... समजले नाही. मान चुकली. लाज वाटली. तुम्ही रोज हव्या. हळू बोला."

विहीणबाईंचा चेहरा सैल झाला. मग बाईंचा हात धरून पायरीवर बसल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "सूनबाई तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलते ना, तेव्हा मीही अशीच मान हलवते."

दोघी इतक्या हसल्या की शेजारीण खिडकीत आली.

आता मी खणात असते. कोपरे दुमडलेत, पेन्सिल पुसट झालीय. तरी तक्रार नाही. त्या हातांनी मला जपलं, आणि हवं तेव्हा मिटलंही, याचे उपकार मोठे. तुमच्याकडे कुणाची अशी वेड्यावाकड्या अक्षरांची वही असेल, तर रद्दीत घालू नका. आणि शिकताय ती भाषा वहीतच कोंडू नका. चुकत बोला, थांबून विचारा.

परवा बाळाच्या आंघोळीचं पाणी किती गरम असावं, यावरून दोघी विहिणी चांगल्या अर्धा तास भांडल्या. जर्मनमध्ये! मला कुणी हातसुद्धा लावला नाही. मी खणातून ऐकत होते, तृप्त होऊन.