विठूला दिलेला पेन

इमाद मुकादम कुवेतहून कायमचा परत आला, तेव्हा त्याच्या बॅगांतून सोन्यापेक्षा जुने पेनच जास्त निघाले. शरीफा बरेच दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती. पुढे तिलाही सवय झाली. पनवेलला मुसलमान नाक्याजवळच्या त्यांच्या घरात खिडकीशी एक टेबल आलं, टेबलावर भिंग, शंखजिरं, लाखेची बाटली, रबराच्या नळ्या. वाळून दगड झालेली शाई भिजवून काढायची, वाकलेली निब नखाच्या टोकाने सरळ करायची, यात त्याचा दिवस कसा जाई ते त्यालाच कळत नसे.

याच नादापायी त्याची तुळशीराम कोळ्यांशी गाठ पडली. तुळशीराम उरणचे, बंदरात माल मोजणारे क्लार्क. जहाजांवरच्या अधिकाऱ्यांशी दोस्ती करून त्यांनी जगभरचे पेन जमवले होते. रिटायर झाल्यावर ते नवीन पनवेलला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलगा भावेश बोटीवर नोकरीला, म्हणजे अर्धं वर्ष समुद्रात. घरात सासरे आणि सून रिया, दोघंच. दर रविवारी इमाद तिकडे जाई. दोघं पेनांत शाई भरत आणि कागदावर काहीबाही लिहीत बसत. रिया चहा आणून ठेवी आणि हसून म्हणे, "झाली का शाळा सुरू?"

त्या साऱ्या पेनांत एक जपानी होता. काळा, जाडजूड, हाताने घडवलेला, वर लाखेचा तांबूस थर. शाई थेट त्याच्या पोटात ओतायची आणि लिहिण्याआधी शेपटाकडची कळ थोडी सैल करायची. एका जपानी कप्तानाने तो तुळशीरामांना दिला होता. त्याची निब कागदावर अशी दबायची आणि उठायची की इमादला दर वेळी हेवा वाटायचा. एकदा तो गळायला लागला तेव्हा इमादनेच शेपटाकडची बुचाची चकती बदलून दिली होती. तेवढे चार दिवस पेन त्याच्या घरी होता. परत करताना त्याने गमतीत विचारलं होतं, "दादा, देता का मला?"

"दुसरा कुठला बी ने," तुळशीराम म्हणाले होते. "ह्यो नाय. ह्यो विठूचा."

विठू हा त्यांचा धाकटा भाऊ. वीस-एकवीस वर्षांचा असताना उरणच्या समुद्रात होडी उलटून गेला. शाळेत अक्षर त्याचंच चांगलं होतं. कप्तानाने पेन दिला त्या दिवशी तुळशीरामांना पहिल्यांदा तोच आठवला होता.

गेल्या वर्षी तुळशीरामांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग रस्ते, मग दिवस. भरलेल्या पेनात ते पुन्हा शाई ओतत आणि सदरा माखून घेत. रिया न कुरकुरता सदरे धुई. इमाद रविवार चुकवत नव्हता, पण आता बोलणं कमी आणि बसणं जास्त.

अशाच एका रविवारी रिया खाली औषधं आणायला गेली होती. तुळशीराम बराच वेळ इमादच्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठले, कपाटातून जपानी पेन काढला आणि त्याच्या हातात दिला.

"घे विठू. तुजाच हाय. कवाधरनं सांभाळून ठेवलाय."

"दादा, मी इमाद."

"घे रं. आता परत नको जाऊस."

तुळशीरामांचे डोळे भरून आले होते. इमादने पेन घेतला. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. रिया आली की तिच्याकडे देऊ, असंही सांगितलं. रिया आली, त्याने चहा घेतला, आणि पेन खिशात घेऊनच तो जिना उतरला.

घरी त्याने पेन उघडून साफ केला, शाई भरली, आणि दुपारभर लिहीत बसला. शरीफाने टेबलावर पाहिलं.

"तुळशीदादांचा ना हा?"

"दुरुस्तीला आणलाय."

तिसऱ्या दिवशी रियाचा फोन आला. "काका, बाबांचा तो जपानी पेन तुमच्याकडे आहे का? सकाळपासून घर उलथंपालथं केलंय त्यांनी."

पेन त्या क्षणी त्याच्या बोटांतच होता. अजून चार दिवस राहू दे, रविवारी गुपचूप कपाटात ठेवून देऊ, एवढाच विचार मनात आला आणि तोंडातून शब्द गेला, "नाही गं. माझ्याकडे कुठला?"

संध्याकाळी भावेशने बोटीवरून फोन केला. त्यालाही त्याने तेच सांगितलं. एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा जड गेलं नाही.

शरीफाने भाजी निवडता निवडता दोन्ही फोन ऐकले होते. "दुसऱ्याची ठेव आहे ती. अमानतीत खयानत चांगली नाही हं," ती एवढंच म्हणाली.

रविवारी तो पेन घेऊन गेला, पण कपाटापर्यंत पोचताच आलं नाही. तुळशीराम कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसले होते. इमादला पाहताच रियाकडे बोट दाखवून ओरडले, "हिनं इकलान! माज्या विठूचा पेन इकलान हिनं!"

रियाच्या मनगटावर काठीचा वळ होता. ती ताट घेऊन पुढे आली तशी त्यांनी ताट उडवलं. "कालपासून पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत माझ्या हातून," ती म्हणाली. "काका, तुम्ही भरवून बघता का?"

इमादने भात कालवला. तुळशीराम मुकाट्याने त्याच्या हातून जेवले. समोर उभी राहून रिया भिंतीवरची आमटी पुसत होती. पेन इमादच्या खिशात होता. आता काढावा तर इतके दिवस खोटं का बोललो ते सांगावं लागणार. त्याने हात धुतले आणि तो घरी आला.

शेजाऱ्यांत बोलणं झालं. उरणहून तुळशीरामांची बहीण कृष्णाबाई येऊन राहिली आणि भाच्याला फोनवर रियाबद्दल नको ते सांगू लागली. इमाद आता रोज जेवण भरवायला जाऊ लागला. सगळे म्हणत, असा मित्र मिळायला भाग्य लागतं. आणि एका दुपारी, कृष्णाबाईचा डोळा लागलेला असताना, तुळशीराम पेन शोधायला म्हणून दार उघडून निघाले आणि जिन्यावरून गडगडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला.

भावेश सुट्टी घेऊन पोचायच्या आदल्या दिवशी इमाद हॉस्पिटलमध्ये गेला. खाटेशी रिया एकटीच होती. त्याने खिशातून पेन काढला आणि तुळशीरामांच्या हातात ठेवला.

"दादा, बघा. मिळाला."

तुळशीरामांनी तो डोळ्यांजवळ नेला, उलटासुलटा केला. "काय हाय ह्यो?" त्यांनी विचारलं, आणि चादरीवर टाकून दिला.

रिया पेनकडे बघत होती. मग तिने इमादकडे बघितलं.

"तुमच्याकडे होता?"

"त्यांनीच दिला होता. विठू समजून. मी परत करणारच होतो..."

तेवढ्यात नर्सने तिला डॉक्टरांनी बोलावल्याचं सांगितलं. खाटेवरून पडू नये म्हणून तिने पेन उचलून आपल्या पर्समध्ये टाकला आणि ती गेली. इमाद तिची वाट बघत थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळशीराम गेले. भावेश पोचला होता. हॉस्पिटलचे कागद शोधायला त्याने रियाची पर्स उघडली, आणि पेन त्याच्या हाती लागला.

हे इमादला दहाव्याला कळलं. विधी उरणला होता. किनाऱ्यावर माणसं जमली होती, आणि बायकांत कुजबुज चालली होती की पेन सुनेच्याच पर्समध्ये निघाला, म्हातारा खोटं बोलत नव्हता. रिया एका बाजूला उभी होती. तिच्याजवळ कोणी नव्हतं.

इमाद भावेशजवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पेन मी नेला होता. रियाचा काही दोष नाही. हॉस्पिटलमध्ये मीच तिला आणून दिला."

भावेशने त्याचा हात हातात घेतला. "काका, ती पण हेच सांगत होती. पण मी तुम्हाला बोटीवरून विचारलं होतं ना? तुम्ही नाही म्हणालात."

"खोटं बोललो मी."

"तुम्ही?" भावेश कसंनुसं हसला. "बाबांना रोज भरवलंत तुम्ही. तुमचं मन मोठं आहे, काका. पण कशाला पांघरूण घालताय?"

"अल्लाची कसम, भावेश. मीच नेला होता."

"भला मानूस हाय," कृष्णाबाई पदराने डोळे पुसत शेजारणीला म्हणाली. "सुनंची अब्रू झाकतंय बिचारं. स्वतावर घेतंय."

इमाद परत परत सांगत राहिला. दादांनी त्याला विठू म्हटलं होतं तेही सांगितलं. जितकं सांगे तितकी माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवत. कोणीतरी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. बाजूने रिया हे सगळं बघत होती.

महिन्याभराने रिया नेऱ्याला माहेरी गेल्याचं शरीफाने बाजारात ऐकलं. इमाद नेऱ्याला गेला. रिया अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिने त्याला बसा म्हटलं नाही.

"मी भावेशला पुन्हा सांगतो. लिहून देतो. तू म्हणशील तिथे येऊन सांगतो," तो म्हणाला.

"सांगा," रिया म्हणाली. "त्याला पटलं तरी मी नाही जाणार आता. बायको सांगत होती तेव्हा त्याला पटलं नाही." तिने मूठभर दाणे सुपात टाकले. "आणि काका, बाबा तुमच्या हातून जेवायचे तेव्हा मला बरं वाटायचं. देव भेटला असं वाटायचं मला. ते आठवलं की माझीच मला शिसारी येते."

आतून रियाच्या आईने कोण आलंय म्हणून विचारलं.

"कोणी नाही," रिया म्हणाली, आणि सूप उचलून घरात गेली.