कुलूपबंद कहाणी

फोनवरची हिरवी रेघ शेवटपर्यंत भरली. शंभर टक्के झाले तसं फैयाजनं बोट टेकवलं आणि कादरभाईंच्या ओट्यावरची सगळी माणसं कान देऊन बसली.

काहीच वाजलं नाही. पडद्यावर सेकंद मात्र पुढं सरकत होते. कहाणी जेवढी लांब तेवढीच लांबी दिसत होती, आत नुसती सामसूम.

"चालतीय तर खरी," फैयाज म्हणाला. "पर आवाज न्हाई."

"म्हशीसारखीच की!" कादरभाई म्हणाले. "वरून भरलेली, अन देत काय न्हाई."

रतनबाईंनी मान खाली घातली. समोर गोठ्यात साळू म्हैस उभी होती. तिची कास ताणून दगडासारखी झाली होती आणि ती मागचे पाय उगाच इकडून तिकडं टाकत होती. कोनाड्यात वर्तमानपत्राच्या पुडीत दूध उतरवायच्या इंजेक्शनची सुई ठेवलेली होती. रतनबाईंची नजर राहून राहून तिकडंच जात होती.

साळूला त्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलेलं. पण नवऱ्याच्या, रंगनाथांच्या, कंबरेचं ऑपरेशन झालं आणि वैरण उचलणारे हात घरात उरले नाहीत. शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात तिला उभी केली. रेडकू जन्मल्यावर पंधरवड्यातच गेलं होतं. असली म्हैस पुष्कळदा पान्हा चोरते, म्हणून राहात्याच्या कादरभाईंनी चार माणसांत विचारलं, "बाई, खोड काय ते आत्ताच सांगा." त्यांच्यासमोर धार काढून दाखवली, बादली भरली. मग साळूच्या कपाळावर हात ठेवून रतनबाई म्हणाल्या, "देवाशपथ, खोड न्हाई." जन्मात कधी शपथ घातली नव्हती. ती पहिली.

आणि रविवारी कादरभाईंचा फोन आला. "बाई, तुमची शपथ आमच्या बादलीत काय दिसंना. नुसते शिंतोडे."

देवापुढं बसून विचार करकरून रतनबाईंना एकच गोष्ट सापडली. त्यांचा नेम होता, पहाटे आणि दिवेलागणीला एकेक व्रताची कहाणी ऐकल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. सासू होती तोवर ती सांगायची. ती गेल्यावर सून निकितानं फोनमध्ये कहाण्यांचं ॲप टाकून दिलं. धारेची वेळ आणि नेमाची वेळ एकच, म्हणून फोन गोठ्यातल्या खुंटीला लटकायचा. साळू पहिल्या वितापासून कहाणी ऐकतच दूध देत आलेली. बाजारातसुद्धा फोन कमरेच्या पिशवीत चालूच होता!

त्यांनी लगेच फोनमधली कहाणीची फाईल कादरभाईंना पाठवली. ती उघडलीच नाही. मग दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरून, राहुरीला बदलून, त्या राहात्याला येऊन थडकल्या.

"दिवेलागणीपर्यंत वाट बघतो," कादरभाईंनी दारातच सांगितलं होतं. "न्हाई पान्हवली तर सुई. कास सडवायची न्हाई मला. अन शुक्रवारी दावं धरून परत बाजारात आणतो. तिथंच बोलू."

सुई म्हणजे काय ते रतनबाईंना ठाऊक होतं. शेजारच्या वस्तीवरची एक म्हैस सुईवर लागली, ती मग सुई बघितल्याशिवाय थेंब देईना. दोन वेळा मानेत टोचून घ्यायची, जन्मभर.

फैयाज हा कादरभाईंचा पुतण्या. चौकात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि हरायची सवय नाही. त्यानं सकाळपासून काय काय करून पाहिलं होतं.

"मावशी, ही फाईल साध्या गाण्यासारखी न्हाई. हिला कुलूप हाय, अन किल्ली ॲपच्या पोटात. आधी मी नुसतं नाव बदललं. एमपी थ्री म्हणलं तिला. फोन काय फसला न्हाई. मग कन्व्हर्टरमधनं काढली, तर ही अशी मुकी आली. पडद्याचं रेकॉर्डिंग केलं, त्यात चित्र आलं अन आवाज गाळून टाकला."

"ॲपच टाक की माझ्या फोनमधी," कादरभाई म्हणाले.

"कंपनी बंद व्हायला लागलीय, चाचा. नवा फोन घेतच न्हाईत. ज्याच्यात हाय त्याच्यातच वाजणार."

"मग माझा फोनच ठेवून घ्या," रतनबाई हळूच म्हणाल्या.

"अन तुमच्या नेमाचं काय, अक्का?" आतून चांदबी म्हणाली. कादरभाईंची ही बायको सकाळपासून चहाचा कप हातात घेऊन तीनदा आली होती आणि तीनदा परत गेली होती. "म्हशीच्या काळजीनं दिवसभर पान्यावर हाय ही बाई. फोन ठिवला तर उद्यापास्नं उपाशीच ऱ्हायची."

उन्हाची तिरीप ओट्यावरून खाली उतरली होती.

"एकच उपाय ऱ्हायला," फैयाज म्हणाला. "तुमच्या फोनवर वाजवायचं, माझ्या फोननं समोर बसून ऐकून घ्यायचं. कुलूप फाईलला हाय, हवेला न्हाई."

रतनबाई घुटमळल्या. "हे कुलूप तोडल्यासारखंच की रं, बाळ?"

"तोडतोय कुठं? खिडकीतनं ऐकतोय."

"ऐकलं तर ऐकलं. ऐकून घरी न्यायचं म्हंजी…"

"अक्का," चांदबी म्हणाली, "म्हशीच्या कासंकडं बघा, मग काय ते ठरवा."

रतनबाईंनी बघितलं आणि डोळे मिटून मान हलवली.

आतल्या खोलीत दार लावून दोन्ही फोन समोरासमोर ठेवले. कहाणी सुरू झाली. सांगणाऱ्या बाईचा आवाज गोड, संथ लयीतला. एक होती कुंभारीण, तिच्या घरचा मडकी भाजायचा आवा पेटेना. संपल्यावर फैयाजनं ती आपल्या फोनवर लावली, आणि कपाळावर हात मारला.

"एक होती कुंभारीण." "हूं." "तिचा आवा पेटेना." "हूं."

"मावशी! हे मधी मधी कोन कण्हतंय?"

रतनबाईंचे कान तापले. "माझा हुंकार हाय त्यो. कहानी ऐकायची तर हुंकार द्यायचा असतो. न्हाई दिला तर ऐकलेली धरत न्हाईत. सासूबाई तर हुंकार थांबला की मधीच गप व्हायच्या."

"अवो, ही बाई कवाच सांगून घरी गेली. तिला काय कळतंय तुमी हूं म्हणलं का न्हाई?"

"तिला न्हाई कळत. मला कळतं."

"बिघडली ही. पुसतो," फैयाज म्हणाला आणि त्यानं ती पुसली. "आता एकदम चिडीचूप."

दुसऱ्या वेळी रतनबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. वाक्य संपलं की घशाशी हूं यायचा आणि तिथंच अडायचा. डोळ्यांत पाणी आलं. पण रेकॉर्डिंग निघालं स्वच्छ. फैयाज खूश झाला. "स्टुडिओला मागं टाकील!"

दिवेलागण झाली. चांदबी बादली घेऊन साळूखाली बसली. फैयाजनं स्पीकर खुंटीला अडकवला. एक होती कुंभारीण…

साळूनं एक कान वळवला. चांदबीनं सड हलक्या हातानं ओढले, कास कुरवाळली, पुन्हा ओढले. टप. टप. बस. साळूनं कान परत फिरवला आणि रवंथ करायला लागली.

"हिला कहाणी नको, काय नको," कादरभाई म्हणाले. त्यांनी कोनाड्यातली पुडी उचलली आणि कागद सोडायला सुरुवात केली. कागदाचा कुरकुर आवाज तेवढा ऐकू येत होता. "बाई, मला हौस न्हाई. पर जनावर तळमळतंय."

रतनबाई पुढं झाल्या. आवाज तसाच हळू, पण त्या सुईच्या आणि साळूच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"कादरभाई, तुमचं बरोबर हाय. एवढंच करा, ही कहानी संपू द्या. दिवेलागणीची हाय. बिनहुंकाराची गेली तर माझा नेम मोडंल. शपथ तर मोडलीच, नेम तरी राहू द्या. मला हुंकार दिऊ द्या, मग तुमाला काय करायचं ते करा."

कादरभाईंनी पुडी धरलेला हात खाली घेतला. "लाव रं पहिल्यापास्नं."

रतनबाई साळूच्या तोंडाकडं बघतसुद्धा नव्हत्या. त्यांनी हात जोडले होते आणि डोळे मिटले होते.

"एक होती कुंभारीण."

"हूं."

"तिचा आवा पेटेना."

"हूं."

साळूचं रवंथ थांबलं. दोन्ही कान पुढं आले. कुंभारीण देवाच्या दारी निघाली, हूं, वाटेत तिला तहान लागली, हूं. आणि चांदबी एकाएकी ओरडली, "या अल्ला! सड भरले! अक्का, थांबू नका, म्हणा, म्हणा!"

रिकाम्या बादलीवर धार चर्रकन वाजली. मग दुसरी. रतनबाईंचा एकही हुंकार चुकला नाही. बादलीतला आवाज हळूहळू जाड होत गेला आणि फेस वर आला.

कहाणी संपली तेव्हा कादरभाईंनी पुडी पुन्हा बांधून ठेवली होती.

"म्हंजी हिला सांगणारीचं काय सोयरसुतक नव्हतं," ते म्हणाले. "ऐकणारी पायजे हुती."

"अन ती मी पुसली," फैयाज कपाळ धरून खाली बसला. "बिघडलेली म्हणून! चला मावशी, पुन्हा एकदा करू. हुंकारासकट."

"न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "त्या बाईची कहानी आता नगं. तिच्या मालकांनी कुलूप घातलंय, आपल्याला लागतबी न्हाई. ती दुसरीबी पुसून टाक. नुसता माझा हुंकार घे."

फैयाजनं तसं केलं आणि फोन पुढं धरला. "हं. म्हणा."

रतनबाई बसल्या. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"काय झालं?"

"कुनी काय सांगितल्याबगर हूं कसा म्हणायचा रं?"

फैयाजनं चाचाकडं बघितलं. कादरभाई म्हणाले, "मला बाजारभावाबगर काय सांगता येत न्हाई." मग सगळ्यांनी चांदबीकडं बघितलं.

"मी? मला कुठं येत्यात कहाण्या?" चांदबीनं हात पुसले. "माझं आपलं घरचंच." ती रतनबाईंसमोर मांडी घालून बसली. "मी लगीन करून या घरात आले ना, अक्का…"

"हूं."

"तवा सासूबाईंनी मिठाचा डबा लपवून ठिवला."

"हूं."

"सून काय करती बघायला. मी बी तशीच. आठ दिस अळणी वाढलं."

"हूं."

कादरभाई आईचं नाव ऐकून गडबडीनं वैरण टाकायला उठले. थोड्या वेळानं फैयाजनं खूण केली, झालं, पुष्कळ झालं. चांदबीनं तिकडं पाहिलंही नाही. ती आणखी कितीतरी वेळ सांगत होती. चहा गार झाला.

रात्री रतनबाईंना त्यांनी जाऊ दिलं नाही. पहाटे त्या उठल्या आणि मुद्दाम गोठ्यापासून लांब, रस्त्याकडच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. साळूला त्यांचा वास लागू नये, पावलं ऐकू येऊ नयेत. आतून स्पीकरमधला चांदबीचा आवाज आला, मिठाचा डबा, आणि पाठोपाठ आपलाच हूं. धारेचा आवाज मात्र येईना. रतनबाईंनी फाटकाची सळई घट्ट धरली.

मग चर्रकन आवाज झाला.

कादरभाई बादली घेऊन बाहेर आले. फेस काठाला लागला होता. "बाई, शुक्रवारी बाजारात मी येतोच हाय. चार लोकांत सांगतो, बाईची शपथ खरी हुती."

"नगा, कादरभाई," रतनबाई म्हणाल्या. "खोड हुती. मला ठावं नव्हती एवढंच. माझीच खोड, तिला लागली. सांगायचं तर तसंच सांगा."

कादरभाईंनी थोडा विचार केला. "बरं. तसंच सांगतो. अन पटलं न्हाई कुनाला तर फाईल वाजवून दाखवतो."

गोठ्यातून चांदबी धावतच आली. "खबरदार! बाजारात वाजवायची न्हाई ती! त्यात मी तुमच्या आईचं समदं काढलंय. फैयाज, तुला येतं ना ते? घाल तिला कुलूप!"

"घालतो की, चाची. पक्कं घालू?"

"पक्कं घाल," चांदबी म्हणाली. "पर म्हशीला उघडता आलं पायजे."