दोन डावे पंख

मुलगी आली ती रिकामे खोके घेऊनच. तिच्या मागून तिचा मामा शिरला, चिकटपट्टीचं वेटोळं मनगटात बांगडीसारखं अडकवून. फिटरने दोघांना पाणी दिलं. खोक्यांकडे त्याने बघितलंच नाही.

जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली म्हणून त्याला सगळे फिटर म्हणत. बायको गेली तेव्हा मुलीने लगेच सांगितलं होतं, घर बंद करा आणि आमच्याकडे चला. तो म्हणाला होता, "हातातलं विमान पुरं होऊ दे, मग बघू." मुलीने त्यातलं 'बघू' सोडून दिलं आणि 'मग' तेवढं पक्कं धरून ठेवलं.

छोटी विमानं बनवून उडवायचा नवरा-बायकोला जुना नाद. हे विमान दुकानातल्या तयार भागांचं नव्हतं. गावाबाहेरच्या गवती धावपट्टीवर दोन माणसांचं एक हलकं विमान उभं असायचं, त्याची ही धाकटी प्रतिकृती. रखवालदार ओरडत असताना बायकोने शिवणाच्या टेपने त्याचे पंख मोजले होते. "ओरडू दे," ती म्हणाली होती, "विमानाचं माप घेतेय, त्याचं नाही." त्या मापांवरून फिटरने नकाशा काढला, हलक्या लाकडाच्या फासळ्या कापल्या, टाचण्यांनी नकाशावर रोवून चिकटवल्या. डाव्या पंखावर पातळ पिवळा कागद तिने मढवला आणि वर कागद ताणून धरणारा लाखेसारखा डोप फिरवला. तो ओला असतानाच तिचा अंगठा लागला. टोकाजवळ तो ठसा अजून आहे. उजवा पंख व्हायच्या आत ती गेली.

उजवा त्याने एकट्याने केला. आज सकाळीच टाचण्या काढल्या होत्या.

"म्हणजे झालं की पुरं!" मुलगी म्हणाली. "लावून दाखवा बाबा. फोटो काढते, मग भरायला घेऊ."

फिटरने नवा पंख उचलून विमानाच्या उजव्या अंगाला धरला. पुढची गोल कड मागे गेली. त्याने पंख पालथा केला. कड पुढे आली, पण फुगीर पाठ खाली गेली. त्याने पुन्हा फिरवला. मग तो नुसताच धरून उभा राहिला.

मामाने मान वाकडी करून बघितलं. "दाजी, अहो हे दोन्ही डावे! एका पायाचे दोन बूट घेऊन आलात की राव!"

तो पोट धरून हसला. मुलगी हसली नाही, आणि फिटरला तेच जास्त लागलं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "डावं-उजवं कळेनासं झालंय तुम्हाला. उद्या गॅस चालू राहील. मी तिकडे बसून किती जीव टांगणीला लावू?"

क्षणभर फिटरलाही वाटलं, असेल बाबा, गेली असेल अक्कल. मग त्याची नजर टेबलावरच्या नकाशावर गेली. कागद वाचवायला त्याने एकाच पंखाचा नकाशा काढला होता, नेहमीसारखा. दुसरा पंख करायच्या आधी नकाशा उलटायचा असतो. ते काम बायकोचं होतं. इतकी वर्षं तो टेबलाशी यायचा तेव्हा नकाशा उलटलेला असायचाच.

"ताईने मढवलेला पंख तेवढा काचेत बसवू," मामा आता मऊ झाला होता. "दिवाणखान्यात लावू. बाकीचं द्या सोडून."

मुलीने पिवळ्या पंखाला हात घातला.

"ठेव तो खाली."

"बाबा, मी नीट गुंडाळते..."

"खाली ठेव म्हटलं ना! तिने तो उडायला मढवलाय. भिंतीवर टांगायला नाही."

"आणि पडला म्हणजे? आईची आठवण म्हणून काय राहील?"

"पडला तर चिकटवीन. ती हेच करायची."

तो स्वयंपाकघरात गेला, तेलाची बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन आला. नकाशा टेबलावर पालथा टाकला आणि कोऱ्या पाठीवर तेल चोळू लागला. चोळेल तिथे कागद काचेसारखा झाला आणि खालच्या रेघा वर दिसू लागल्या. डाव्याचा उजवा झाला.

मुलगी बघत राहिली. "आई ओरडायची," ती म्हणाली, "तेलाची बाटली जागेवर ठेवा म्हणून. आणि नकाशासाठी पळवायची स्वतःच."

"हां. डावं-उजवं मला कळतं. ती नाही, हे हाताला कळत नव्हतं. आता कळलं."

"मग या जास्तीच्या डाव्याचं काय?" मामाने विचारलं.

"त्यालाही उजवा करतो. दोन डावे झालेत, दोन उजवे लागतील. दोन विमानं."

"बाबा! कधी व्हायची ती?"

"होतील तेव्हा."

"आणि मग याल ना?"

"मग तिसरं घेईन करायला." त्याने तेलकट हात धोतराला न पुसता सरळ मामाच्या रुमालाला पुसले. "गॅसची काळजी आहे ना? रोज फोन कर, बंद केला की नाही ते विचार. शिव्या न देता सांगीन. पण हे घर बंद होणार नाही."

मुलीने एक खोका उचलला, रिकामाच, आणि दाराकडे निघाली.

"खोके राहू देत इथेच," फिटर पहिली टाचणी रोवत म्हणाला. "पंख ठेवायला लागतील."